पुनो उर्फ पुंडलिक: काणकोणचे चार दिवस

शुक्रवार. फोंडा ते बाणावली

फोन फेब्रुवारीत आला होता, निघायला एप्रिलची अखेर उजाडली. फोन करणारा माझा पहिल्या वर्गातला विद्यार्थी. 1984 साली दक्षिण गोव्यातल्या काणकोण तालुक्यातल्या खोतीगावच्या रानात एकशिक्षकी मराठी शाळेवर माझी पहिली नेमणूक झाली, तेव्हा तो सहा वर्षांचा होता. वेळीप या आदिवासी समाजातला. "मास्तर, तुमची एक सही जाय," एवढंच म्हणाला. कसली सही, असं विचारलं तर थोडा घुटमळला. "तुमी नांव बरयलां न्हय, तेंच सांगपाचें." तुम्हीच नाव लिहिलंत ना, तेवढंच सांगायचं.

भानगड अशी. त्याला घरात पुनो म्हणत. (खरं नाव वेगळं आहे, इथंही मी ते बदललंय. सवय जात नाही.) रजिस्टरात 'पुनो' काय लिहायचं, म्हणून मी 'पुंडलिक' लिहिलं. पहिल्या वर्षी शाळेत अकरा मुलं होती, त्यांतल्या सात जणांची नावं मी अशी सुधारली. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटायचा. पुढे रेशन कार्ड, मतदार यादी, आधार, सगळीकडे पुंडलिक चालत गेला. आता 2006 च्या वनहक्क कायद्याखाली त्याने कसत्या जमिनीवर दावा केलाय. अनुसूचित जमातीच्या माणसाला 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जमीन ताब्यात असल्याचा पुरावा द्यावा लागतो. त्याच्याकडे तो आहे: कुमेरी, म्हणजे रान तोडून-जाळून फिरती शेती, केली म्हणून विसाव्या वर्षी भरलेल्या दंडाची पावती. ज्या गुन्ह्याचा दंड भरला तोच आज हक्काचा पुरावा. पण पावतीवर नाव आहे पुनो. एका टेबलावरून फाईल परत आली.

भाच्याने चार दिवस रजा टाकली, गाडी त्याचीच. तो वेर्ण्याला एका कंपनीत आहे. बोरीचा पूल ओलांडल्यावर म्हणाला, "मामा, एका सहीसाठी चार दिवस?" मी म्हटलं, वाटेत तुला तीन-चार जागा दाखवतो. मनात वेगळंच होतं. त्या अकरा पोरांना मी नावं दिली, पण या तालुक्यांत नावं देणारा मी काही पहिला नव्हे. माझ्याआधी कोण कोण आलं ते एकदा ओळीनं पाहायचं होतं.

म्हणून आधी राशोल. पूल ओलांडून रायच्या बाजूला वळलं की शेतांच्या पलीकडे टेकडीवर सेमिनारीची पांढरी भिंत दिसते. किल्ल्याची वेस अजून उभी आहे. आत इगर्ज, म्हणजे चर्च, सांत इग्नासियूची. दुपारी बाराला तिथं माणूस नव्हता, फक्त पंख्याचा आवाज आणि पॉलिश केलेल्या लाकडाचा वास.

मराठीच्या शिक्षकाला या जागेचं अप्रूप वाटणारच. 1616 साली इथं क्रिस्तपुराण छापलं गेलं. लिहिणारा इंग्रज जेझुइट (त्या नावाच्या कॅथलिक संघातला पाद्री), थॉमस स्टीफन्स. जन्म 1549 चा, गोव्यात आला 1579 मध्ये, आणि मग चाळीस वर्षं बहुतेक साष्टीतच, म्हणजे मडगावभोवतीच्या तालुक्यात, राहिला. पोर्तुगीजांनी त्याचं नाव एस्तेवांव करून टाकलं, म्हणजे नाव बदलण्यातून तोही सुटला नाही. जवळपास अकरा हजार ओव्या. भाषा मराठी, पण देवनागरी खिळे नसल्यामुळे छपाई रोमी लिपीत. बी.ए.ला असताना मला त्यातली मराठीची स्तुती पाठ होती, वर्गात म्हणून दाखवायचो. ते पुराण कुणासाठी आणि का लिहिलं, हे मात्र मुलांना कधी सांगितलं नाही. नव्या क्रिस्तावांची जुनी पुराणं काढून घेतली होती, आणि त्यांनीच विचारलं की मग आम्ही वाचायचं काय, ऐकायचं काय? काढून घेणारे आणि देणारे एकाच घरातले. पण देणाऱ्याने निदान ओवी शिकून घेतली.

इथंच पाद्री आग्नेल वारले, 20 नोव्हेंबर 1927 ला. हणजूणचा हा माणूस, नदीपलीकडच्या शिरोड्यात त्यांनी काम केलेलं. भाच्याला ते फक्त शाळांच्या पाट्यांवरून माहीत.

संध्याकाळी बाणावली. इथं जुझे व्हाज 1651 मध्ये जन्मले. इगर्जीच्या पायरीवर बसून मी भाच्याला त्यांची गोष्ट सांगितली. श्रीलंकेत डचांनी कॅथलिक पाद्र्यांना बंदी घातलेली. हा माणूस भिकाऱ्याच्या वेषात, अनवाणी, 1687 मध्ये जाफन्यात पोचला. तमीळ शिकला, सिंहली शिकला. कँडीच्या राजाने हेर समजून तुरुंगात घातलं. 1697 मध्ये देवीची साथ आली, गावं ओस पडली, रोगी रानात टाकून दिले जात. तेव्हा हे त्यांच्यासाठी झोपड्या बांधून शुश्रूषा करत राहिले. सोबत त्यांचा पाद्री भाचा होता. "बघ," मी म्हटलं, "भाचे असे असतात." भाचा म्हणाला, "त्यांना सोमवारी ऑफिस नव्हतं." 2015 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संत घोषित केलं.

शनिवार. कुंकळ्ळी, फातर्पा, आगोंद

मडगावला पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलीच्या पोंप-पोंपने जाग आली. नऊच्या आत कुंकळ्ळी गाठली.

कुंकळ्ळीला मी याआधी बसमधून शंभर वेळा गेलोय, उतरलो कधीच नव्हतो. एक कपेल, म्हणजे छोटं प्रार्थनाघर, आहे, पाच जेझुइटांच्या आठवणीची. जवळच गावच्या गावकारांचं, म्हणजे गावप्रमुखांचं, स्मारक. दोन्ही एकाच गोष्टीची, दोन तोंडांनी सांगितलेली. 15 जुलै 1583 ला इगर्जीसाठी जागा ठरवायला आणि खुरीस (क्रूस) उभारायला पाच जेझुइट इथं आले. त्यांचा मुख्य रुदोल्फ आक्वाविवा. हाच माणूस फत्तेपूर सीक्रीला अकबराच्या दरबारात वाद घालून त्याच वर्षी परतला होता. अकबराने त्याचं ऐकून घेतलं, कुंकळ्ळीकरांनी नाही. ऐकतील कसे? त्याआधी पोर्तुगीज सैनिकांनी इथली देवळं जाळली होती, आणि तेव्हा त्यांच्यासोबत झगे घातलेली माणसंही होती. पाचही मारले गेले, बरोबरचे कितीतरी स्थानिक क्रिस्तावही. मग बोलणी करू म्हणून गावच्या सोळा गावकारांना असोळणेच्या किल्ल्यात बोलावलं आणि कापून काढलं. एकाने तेवढी नदीत उडी मारली आणि तो निसटला, असं सांगतात.

मेलेल्या जेझुइटांची प्रेतं आणायला जे गेले त्यांत स्टीफन्स होता. कालपासून माझ्या डोक्यात तेच फिरतंय. त्याच ऑक्टोबरात त्याने भावाला पत्र लिहिलं, त्यात ही हकिकत आहे आणि शिवाय इथल्या भाषांचं कौतुकही: लॅटिन-ग्रीकशी त्यांची ठेवण जुळते म्हणून. सहकाऱ्यांची प्रेतं उचलून आलेला माणूस, ज्यांनी मारलं त्यांच्या भाषेच्या प्रेमात. त्यानंतर तेहेतीस वर्षांनी पुराण. माझ्याच्याने हा माणूस एका खणात बसत नाही. 1560 पासून 1812 पर्यंत इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, चाललं त्या राज्याचा तो नोकर होता, हेही खरंच.

पाच जणांना रोमने 1893 मध्ये धन्य ठरवलं. गावकारांच्या स्मारकाला त्यापुढे शंभरहून अधिक वर्षं लागली.

कपेलीसमोरच्या घरात एक म्हातारी काजूच्या बिया उन्हात पसरत होती. गावडी बाई, गळ्यात खुरीस. अंगणात मातीचा चौथरा, कडेने चुन्याची रेघ, मध्ये पणतीसाठी कोनाडा. वर खुरीस. फक्त वरचा खुरीस झाकला तर कवळ्याच्या आमच्या अंगणातलं तुळशीवृंदावन. मी बराच वेळ बघत राहिलो तेव्हा तिने विचारलं, "किदें शेणलां?" काय हरवलंय? मी काही नाही म्हटलं.

देवी शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण इथून फातर्प्याला गेली, जशी आमची केळशीहून कवळ्याला आली. शिगम्यात सांत्र्यो होतात तेव्हा बारा वांगडांच्या (कुळांच्या) बारा छत्र्या नाचवत तिला फातर्प्याहून कुंकळ्ळीत आणतात, आणि वांगडांतले क्रिस्तांव गावकारही त्यात असतात. आम्ही फातर्प्याला पोचलो तेव्हा देवळात एक फ्रॉकवाली बाई तेलाची बाटली पुजाऱ्याकडे देत होती. पुजाऱ्याने नाव विचारून प्रार्थना घातली, आडनाव फर्नांडिस. गावडे-कुणबी क्रिस्तांव झाले तेव्हा आडनावं अशीच मिळाली, बाप्तिस्म्याच्या पाण्याजवळ उभ्या असलेल्या पोर्तुगीज धर्मबापाची किंवा पाद्र्याची. म्हणून एका वाड्यावर सगळे फर्नांडिस, पुढच्या वाड्यावर सगळे डिसोझा. उलटंही झालंय. 1928 मध्ये मसूरकर महाराजांनी हजारो गावड्यांची शुद्धी केली, पुन्हा सगळी नावं बदलली. हिंदू समाजाने त्यांना आपलं म्हटलं, पण पंगतीला घेताना हात आखडला, आणि 'नवहिंदू गावडे' हे बिरुद चिकटलं ते अजून आहे. शुद्धी शब्द ऐकला की मला माझी शुद्धलेखनाची पट्टी आठवते. 'पाणी' न म्हणता घरच्यासारखं 'उदक' म्हटलं की तळहातावर एक.

बाळ्ळीत थांबलो नाही. 25 मे 2011 ला इथं आदिवासी हक्कांच्या आंदोलनात दोन तरुण जळून मेले. गावडा, कुणबी, वेळीप यांना जमातीचा दर्जा 2003 मध्ये मिळाला होता, पण कागदावरचा दर्जा आणि हातातला यांत अंतर होतं. धनगर अजून बाहेरच आहेत.

बाळ्ळीनंतर घाट लागतो आणि इगर्जी विरळ होतात. याचं कारण साधं आहे. साष्टी पोर्तुगीजांकडे सोळाव्या शतकात गेली, तेव्हा धर्माचा जोर होता. काणकोण, केपे, सांगे त्यांना अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मिळाले, तोवर जोर ओसरला होता आणि प्रजेच्या धर्माला हात लावणार नाही असं कबूल करावं लागलं. म्हणून घाटाच्या अलीकडचा गावडा फर्नांडिस आणि पलीकडचा वेळीप वेळीपच राहिला. दोनशे वर्षांचा उशीर, बाकी काही नाही.

काजूला मात्र घाटाची अडचण नव्हती. ब्राझीलचं हे झाड पोर्तुगीजांसोबत आलं आणि एकही प्रवचन न देता प्रत्येक वाड्यात शिरलं. खोल्याची मिरची तशीच. वेळीपाला सांगा की ती परदेशी आहे, तो हसेल.

आगोंदला मुक्काम. किनाऱ्यावर वनखात्याने कासवांच्या घरट्यांना जाळीची कुंपणं घातलीत. रात्री कुंपणाजवळ उभे असताना भाच्याने अंदमानातल्या सेंटिनल बेटाचा विषय काढला. 2018 च्या नोव्हेंबरात जॉन चाऊ नावाचा सव्वीस वर्षांचा अमेरिकन तरुण धर्म सांगायला तिथं उतरला आणि बाणांनी मारला गेला, प्रेतही आणता आलं नाही. तिथल्या लोकांची भाषा जगात बाहेरच्या कुणालाच येत नाही. "मग तो त्यांना सांगणार काय होता?" भाचा म्हणाला. "आणि सर्दी-गोवर घेऊन गेला असता तर?" मला उत्तर सुचलं नाही. मी त्याला एवढंच सांगितलं की आपण उभे आहोत त्या आगोंदातच 1887 मध्ये बेंतो मार्तिन्स या पाद्र्याने एक मिशनरी संस्था सुरू केली. पुढे ती पिलारला गेली, आणि तिचे पाद्री अंदमानातही पोचले, सेंटिनलला नव्हे, रांचीहून मजुरीला नेलेल्या आदिवासींत आणि इतर वस्त्यांत. 1984 मध्ये पोर्ट ब्लेअरचा धर्मप्रांत झाला, त्याचे पहिले बिशप आलेक्स डायस पिलार संस्थेचेच. "1984," भाचा म्हणाला, "म्हणजे तुम्ही खोतीगावात गेलात तेव्हाच." हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

रविवार. खोतीगाव

हत्तीपावलला महामार्ग सोडला. अभयारण्य 86 चौरस किलोमीटरचं. माट्टी आणि किंदळीची झाडं, खाली वाळलेल्या पानांचा चुरा, मध्येच बांबूचं बेट. 1984 मध्ये मी हा रस्ता चालत गेलो होतो, ट्रंक डोक्यावर घेऊन पुनोचा बाप पुढे. आता डांबर आहे, वाड्याच्या अलीकडे एक किलोमीटर संपतं.

डांबर संपतं तिथंच जीप उभी होती, बॉनेट उघडं. दोन सिस्टर. एक कारवारची, वयस्क. दुसरी पस्तिशीची, सावळी, हातात रेडिएटरची बाटली. भाच्याने गाडीतलं पाणी दिलं. वाड्यांवरच्या मुलींना सुट्टीनंतर वसतिगृहात परत न्यायच्या आधी घरोघर भेटायला निघालेल्या. तरुण सिस्टरची कोंकणी अगदी वेळीपांची, हेल जरा वेगळा. "मी इथली नाही," ती म्हणाली, "मी उराँव. झारखंडची. आमच्या घरात कुडुख बोलतात."

मी चाटच पडलो. रानातल्या माणसांत मिशनरी येतो ही गोष्ट मी दोन दिवस गिरवत होतो, आणि समोर रानातल्या माणसांतून आलेली मिशनरी उभी.

भाच्याला राहवेना. "सिस्टर, रागावू नका. किती जणांना केलं?"

"दहावी पास?" ती म्हणाली. "यंदा चार."

वयस्क सिस्टर मोठ्याने हसली. मग बोलणं निघालं. तिच्या पणजोबांच्या काळात जमीनदार जमिनी गिळत होते, कोर्टात आदिवासीची भाषा कुणाला कळत नव्हती. 1885 मध्ये कॉन्स्टंट लीव्हन्स नावाचा बेल्जियन जेझुइट छोटानागपुरात आला आणि कज्जे समजून घेऊन लोकांना उभं करू लागला. गावंच्या गावं क्रिस्ती झाली. "धर्मासाठी झाले की जमिनीसाठी?" मी विचारलं. ती जरा थांबली. "पणजोबांना विचारायला हवं होतं. पण जमीन राहिली." लीव्हन्स सात वर्षांत क्षयाने खंगून परत गेला आणि 1893 मध्ये वारला.

मी तिला नावांचं विचारलं. माझं सगळं तिथंच अडकलेलं. ती म्हणाली, बाप्तिस्म्याचं नाव वेगळं मिळालं, पण आडनाव कुळाचंच राहिलं. एक्का म्हणजे कासव, मिंज म्हणजे मासा. ज्याचं जे कूळ, त्याने तो प्राणी मारायचा नाही, खायचा नाही. "मी एक्का," ती म्हणाली. "आगोंदची कासवं बघितलीत?" साष्टीतल्या गावड्याला फर्नांडिस व्हावं लागलं आणि उराँवाला एक्का राहता आलं. मध्ये तीनशे वर्षं गेली, तेवढ्यात मिशनरीही थोडे शिकले असावेत. की बेल्जियन पाद्र्याला आडनावाशी देणंघेणंच नव्हतं? माझा निकाल अजून लागलेला नाही.

जीप सुरू झाली, आम्ही चालू लागलो.

पुनोचं घर तिथंच, छपराला आता कौलं. अंगणभर सोलां, म्हणजे आमसुलं, वाळत होती. त्याची आई, ऐंशीच्या पुढची, रसाच्या भांड्यात साली बुडवून काढत होती. रसात भिजवायचं, उन्हात टाकायचं, पुन्हा रसात, काळी होईपर्यंत. मनगटापर्यंत हात लाल. तिने मला ओळखलं, आणि तेव्हाही 'तूं' म्हणायची तशीच 'तूं' म्हणाली. "पातळ जालो मास्तर." बारीक झाला मास्तर.

पुनोने कागद आणले. प्लॅस्टिकच्या पिशवीत पिशवी, तिच्यात पिशवी. दंडाची पावती चार घड्यांची, घडीवर झिजून भोक पडलेलं, नेमकं नावाच्या शेजारी. आई बघायला वाकली, लाल बोट पुढे आलं, पुनोने झटकन कागद मागे घेतला. "आवय, हात पूस!" हा कागद बिघडला तर काजूची बाग, नाचण्याचा मळा, घर सगळं सरकारी रान.

मी तिला विचारलं, पुनो हे नाव कसं ठेवलं? चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

"पुनवेक जल्मलो म्हूण पुनो," ती म्हणाली. "तुका खबर नाशिल्लें?"

नव्हती. पौर्णिमेला जन्मला म्हणून पुनो. मला वाटलं होतं पुंडलिकाचा अपभ्रंश. शुद्ध रूप लिहिलं, या समजुतीत मी चाळीस वर्षं होतो. पुंडलिकाचा आणि या पोराचा काडीचा संबंध नव्हता.

जेवायला नाचण्याची भाकरी, सुकटाची किस्मूर, कणगां उकडलेली. पुनोला तो पट्टीचा मार आठवतो का, हे विचारायचा मला धीर झाला नाही. निघताना त्याने धाकट्या मुलीला पुढे केलं. नववीत, त्या सिस्टरांच्याच वसतिगृहात. मी नाव विचारलं. तिने सांगितलं ते इंग्रजी मालिकेतलं वाटावं असं काहीतरी. "कुणी ठेवलं?" "हांवेंच," पुनो म्हणाला. मीच.

सोमवार. चावडी

काणकोणच्या चावडीवर नोटरीचं टेबल, एका झेरॉक्सच्या दुकानात. टंकलेखन करणाऱ्या मुलाने मजकूर तयार ठेवलेला: मी, अमुक, निवृत्त शिक्षक, प्रतिज्ञेवर लिहून देतो की पुंडलिक उर्फ पुनो ही एकच व्यक्ती.

"पुनो उर्फ पुंडलिक कर," मी म्हटलं.

"आधारवरचं नाव पहिलं लागतं, सर."

"मूळ नाव पुनो आहे. उर्फ मी लावलाय."

"ते खरं असेल. पण फाईल परत येईल."

पुनोने माझ्या हाताला हात लावला. राहू दे, अशा अर्थाने. मी सही केली. मग त्याने केली, 'पुंडलिक', 'क' ची शेपटी खाली वळवून. ती शेपटी माझी. पाटीवर मीच गिरवून घेतली होती.

शिक्का मारून होईपर्यंत दाराशी तीन माणसं येऊन उभी राहिली. चाळिशी-पन्नाशीची, हातात प्लॅस्टिकच्या पिशव्या. एकाच्या मिशा पांढऱ्या. ओळख पटायला वेळ लागला. "मास्तर, हे आनी तीन जाण वाटेर आसात," पुनो म्हणाला. आणखी तिघे वाटेवर आहेत. पुनो धरून सात.

भाच्याने घड्याळ पाहिलं, सव्वाअकरा. तो बाहेर जाऊन रजा वाढवून घेण्यासाठी फोन लावू लागला. मी पांढऱ्या मिशांच्या माणसाला बाकावर बसवून विचारलं, तुझं घरचं नाव काय, आणि ते कशावरून?